बेंबीभोवतीचा हिंग

हिंग कोमट पाण्यात कालवला की जो वास उठतो, तो फोडणीतल्या हिंगाचा नसतो. तेलात पडलेला हिंग क्षणात माणसाळतो, वरणाचा होतो, कढीचा होतो, घरातल्या इतर वासांत गुपचूप जाऊन बसतो. पाण्यातला हिंग मात्र रानटीच राहतो. उग्र, कडवट, नाकात शिरला की तिथेच ठाण मांडणारा, आणि जमिनीखालच्या मुळाचा चीक आहोत हे जराही न लपवणारा. लहानपणी वाईच्या घरात तो वास आला की कुणाचं तरी पोट दुखतंय हे न विचारताच कळायचं. आई पळीत पाणी कोमट करायची, चिमूटभर हिंग त्यात बोटाने कालवायची आणि तेच बोट बेंबीभोवती गोल फिरवायची, बेंबीत नाही, भोवतीच, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग हिंग वाळत जाई, कातडी हळूहळू ओढल्यासारखी होई आणि त्या ओढीकडे लक्ष देता देता झोप लागे. पोट हिंगाने थांबायचं की आईच्या बोटाने, याची चौकशी त्या वयात कोण करतं?

आता माझ्या पोटाला बोट कळत नाही.

छातीच्या सहाव्या मणक्याशी माझा मज्जारज्जू चिरडला, त्याला बरीच वर्षं झाली. बरगड्या जिथे मधोमध येऊन मिळतात तिथवर मला सगळं कळतं. तिथून खाली शरीर आहे, माझंच आहे, पण त्याच्याकडून निरोप येत नाही. अपघाताचं काय सांगायचं. दिल्लीहून आग्र्याकडे जाणारा रस्ता, डिसेंबरची पहाट, धुकं, पुढे थांबलेला ट्रक. इकडे राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत असं कुणीतरी असतंच.

मला सांगायचंय ते दुसरंच. ज्या पोटाला बोट कळत नाही, चिमटा कळत नाही, सांडलेला चहा कळत नाही, ते पोट दुखतं. गाझियाबादच्या आमच्या सातव्या मजल्यावर दुपार कलायला लागते, बाल्कनीच्या कठड्याच्या सावल्या फरशीवर लांब होत माझ्या खुर्चीच्या चाकांपर्यंत येतात, आणि त्याच सुमाराला बरगड्यांखाली काहीतरी आवळू लागतं. मग ते खोल उतरतं, बोट ठेवून दाखवता येणार नाही अशा जागी, आणि दोघींनी दोन टोकं धरून ओली साडी पिळावी तसा आत पीळ पडत जातो. मी हात नेऊन पोटावर ठेवते. हाताला पोट लागतं, उबदार, थोडं फुगलेलं. पोटाला हात लागत नाही. एकाच शरीरात राहून आम्ही दोघं असे एकमेकांना चाचपत बसतो.

हे दुखणं अपघाताबरोबर आलं नाही. पहिली काही वर्षं पोट गप्प होतं. पुष्कळांचं असंच होतं, पोटाचं हे दुखणं इजेनंतर काही वर्षांनी डोकं वर काढतं, हे मला नंतर समजलं. त्यामुळे ते आलं तेव्हा कुणालाच खरं वाटेना. एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या पोटावर टाचणी टोचून पाहिली, मला काही कळलं नाही, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘मॅडम, जहाँ कुछ महसूस ही नहीं होता, वहाँ दर्द कैसे होगा?’’ त्यांचा तर्क वरवर बिनतोड होता, आणि माझी कळ त्यांच्या तर्काला विचारून येत नव्हती. परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेतून यमुना दिसली, काळी, फेसाळ, आणि मला वाटलं, आता हे दुखणं आहे हेसुद्धा मलाच सिद्ध करत बसावं लागणार. थकायला झालं, कळेपेक्षाही त्या कल्पनेने.

वसंत कुंजला, अरवलीच्या खडकाळ पाठीवर, इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. उठून बसायला, एका पाटावरून दुसऱ्या पाटावर सरकायला, स्वतःची लघवीची नळी स्वतः घालायला मी तिथे शिकले. ते केंद्र उभारणारे मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे होते आणि त्याच वर्षाच्या युद्धात गोळी लागून चाकाच्या खुर्चीत आले. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकरही त्याच युद्धातले. गोळ्या अंगावर झेललेले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेले. नव्या पेशंटला धीर यावा म्हणून अशा गोष्टी फार सांगतात, आणि धीर येतोही. पण त्या गोष्टींत शिखर असतं, पदक असतं. पोट कधी नसतं. कमोडच्या खुर्चीवर जाणारी सकाळ नसते. मला वाटतं, ती असायला हवी. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात १९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी अशा जखमींचं काम हाती घेतलं, अहलुवालियांवरही पुढे तिथेच उपचार झाले. गुटमान यांनी या माणसांना खेळ दिले हे जगाला ठाऊक आहे. पण खेळांच्या आधी त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलणं दिलं, मूत्राशयाची रोजची काटेकोर निगा दिली. माणसं जगली ती त्याने.

तर पोट दुखू लागल्यावर मी पुन्हा वॉर्डात होते, तेव्हा आई वाईहून आली. येताना पिशवीत काय काय घेऊन आली होती: ओवा, बाळंतशोपा, सुंठ, आणि रबराची गरम पाण्याची पिशवी. ती पिशवी तिने वॉर्डात माझ्या पोटावर ठेवायला काढली मात्र, केरळची सिस्टर धावत आली आणि तिने ती हातातून काढूनच घेतली. चटका बसला तर हिला कळणार नाही, कातडी भाजेल, जखम होईल, महिनोन्महिने भरणार नाही, असं तिने तिच्या हिंदीत आईला सांगितलं आणि आईने ते तिच्या मराठीत समजून घेतलं. शेक बंद. आई बराच वेळ रिकाम्या हातांनी बसून राहिली. लेकीचं पोट दुखतंय आणि आपल्याजवळ द्यायला ऊबही नाही, हे तिला कसं झालं असेल.

दुसऱ्या दिवशी तिने हिंग कालवला.

पाणी अगदी कोमट, आधी स्वतःच्या मनगटावर पाहिलेलं. मी गाऊन वर केला आणि डोळे मिटले. आईचं बोट पोटावर टेकलं असणार, फिरलं असणार. मला ना ओलं कळलं, ना फिरणं. मी वाट पाहत राहिले. आणि मग वास आला. तो उग्र, कडवट, रानटी वास औषधांच्या, फिनेलच्या, वॉर्डातल्या शिळ्या भाताच्या वासांना बाजूला सारत वर आला आणि माझ्या आत एकदम वाईचं माजघर उघडलं. कोनाडा, पळी, खिडकीतून आत येणारी घाटावरची भांड्यांची आदळआपट, आणि कातडीची ती वाळत जाणारी ओढ. ती ओढ मला पोटावर जाणवली असं म्हणू का? कातडीला नाही जाणवली. पण मला जाणवली.

नाकाची वाट मणक्यातून जात नाही. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी लहान मुलीसारखी हरखले. वासाच्या नसा नाकाच्या छतातून थेट मेंदूत शिरतात. पाठीचा कणा त्यांच्या रस्त्यातच येत नाही. आणि आणखी एक नस आहे, व्हेगस, जी मेंदूच्या तळातून निघून मानेतून, छातीतून भटकत जठरापर्यंत आणि आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत पोचते, तीही कण्याबाहेरूनच. म्हणूनच मला भूक लागते, मळमळतं, जेवण जास्त झालं तर जडपणा येतो. मोठा रस्ता तुटला तरी पायवाटा चालू आहेत. शिवाय तुटलेल्या जागी, रज्जूच्या वरच्या टोकाला उरलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत; खालून निरोप यायचे थांबले की त्या आपणच निरोप रचू लागतात, आणि मेंदू ते खरे धरतो. त्यात कुणाचा दोष नाही. ‘‘तुमचं दुखणं खरं आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता ते कुठल्या जातीचं आहे ते शोधू.’’ त्या एका वाक्यावर मी गाडीत बसेपर्यंत रडले.

मग आम्ही शोधत राहिलो. मी वही ठेवली. केव्हा दुखलं, आधी काय खाल्लं होतं, पोट साफ होऊन किती वेळ झाला होता, लघवीची पिशवी किती भरली होती, पाणी किती प्यायले होते, झोप लागली होती का. वहीतून हळूहळू दोन दुखणी वेगळी होऊन बाहेर आली. एक आतड्यांचं, जेवणानंतर चढणारं, पोट फुगवणारं, आणि साफ झालं की उतरणारं. दुसरं नसांचं, बरगड्यांखाली आवळणारं, जळणारं, पोट रिकामं असो की भरलेलं, त्याला कशाचीच पर्वा नसलेलं. पहिल्याला शिस्त लागते, दुसऱ्याला औषध. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही नावं आता आमच्या घरात मीठ-साखरेइतकी सवयीची झाली आहेत. त्यांनी आवळणं सैलावतं, पण डोक्यावर एक मऊ ढग येऊन बसतो आणि वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. आणि कळ फार झाली म्हणून ट्रॅमाडॉलसारखी तेज गोळी घ्यावी, तर ती आतड्यांना आणखी सुस्त करते, मळ घट्ट होतो, आणि ज्यासाठी गोळी घेतली तेच पोट दोन दिवसांनी दुप्पट दुखतं. कुठलं दुखणं कुठल्या गोळीचं नाही, हे कळायलाच बराच काळ गेला.

शिस्तीचं मात्र मला मनापासून आवडू लागलं, आणि हे मी संकोच सोडून लिहिते आहे. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग चहा आणि दोन बिस्किटं. पोटात काही पडलं की मोठं आतडं जागं होऊन सरकू लागतं, ती वेळ साधायची. डाव्या कुशीवर वळायचं, सपोझिटरी, थांबायचं, मग कमोडच्या खुर्चीवर, हातमोजा, धीर. रोज त्याच वेळी. रात्री इसबगोल, आणि त्यावर पाणी पुरेसं, नाहीतर इसबगोलच आत गोळा होऊन बसायचा. मधल्या वेळात पोट चोळायचं. ती दिशा शिकवायला फिजिओथेरपिस्ट आली होती, कोवळी दिल्लीची मुलगी. उजवीकडे खालून वर, बरगड्यांखालून आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली, आतड्याच्या वाटेने, असं ती माझ्या पोटावर हात ठेवून आईला दाखवू लागली. आईने दोन फेरे बघितले आणि पदर खोचला. ‘‘अगं, गुबारा धरला की बाळाला असंच चोळतात की!’’ ती मला म्हणाली, आणि त्या मुलीला तिच्या मोडक्या हिंदीत, ‘‘बेटा, इसको मैंने ऐसाच बडा किया.’’ त्या मुलीला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे ती प्रत्येक नव्या पेशंटच्या आईला विचारायची, बाळाला कसं चोळायचात ते आधी दाखवा.

दिल्लीचा हिवाळा या पोटाचा शत्रू आहे. जानेवारीत रजईतून हात बाहेर काढवत नाही, पाणी पिणं आपोआप कमी होतं, धुराने बाहेरची हवा करडी झालेली असते म्हणून खिडक्या बंद, बाल्कनीतलं ऊनही औषधापुरतं, आणि गारठ्याने पायांचे झटके वाढलेले. अशाच एका रात्री मी दचकून जागी झाले. डोकं फुटेल असं ठणकत होतं, चेहरा तापलेला, गळ्यावर घाम, हातांवर काटा, आणि पोटात नुसती एक सांगता न येणारी अस्वस्थता. नवऱ्याने रक्तदाब मोजला, १५० च्या वर. एरवी माझा वरचा आकडा शंभराच्या आसपास असतो, सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या इजेत तो असा खालीच राहतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा १३० साधा, पण माझा १३० धोक्याचा. त्याने आधी मला उठवून ताठ बसवलं, कपडे सैल केले, आणि पांघरुणाखाली हात घालून नळी चाचपली. ती मांडीखाली दुमडली होती. सरळ करताच पिशवीत लघवी धो धो उतरली आणि काही मिनिटांत माझं डोकं निवलं. नळी मोकळी नसती निघाली तर ती बदलायची, मग आतड्यात मळ अडकलाय का पाहायचं, आणि तरीही आकडा उतरला नाही तर एक क्षणही न घालवता इस्पितळ, हे आम्हाला वसंत कुंजला घोटून शिकवलं होतं. बिचारं पोट! त्याला ‘भरलंय’ म्हणून हाक मारता येत नाही, तेव्हा ते डोक्याचं दार वाजवतं.

कधी खांद्याचंही वाजवतं. एका उन्हाळ्यात माझा उजवा खांदा सतत दुखत होता. चाकं ढकलून ढकलून खांदे जातातच, असं सगळेच म्हणाले, आणि मलम चोळणं चालू झालं. पण पायांचे झटके विनाकारण वाढले होते, जेवण नकोसं झालं होतं. त्याच डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे होते, आणि सूज आलेली. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या खालची कळ मानेतून निघणाऱ्या नसेवरून खांद्यात उमटते, आणि माझ्यासारख्याला पोटात कळ आली नाही तरी खांद्यात येते. या इजेत पित्ताचे खडे तसेही जास्त आढळतात, आणि गंगेच्या या खोऱ्यात तर ते घरोघरी. शस्त्रक्रिया झाली. खांदा थांबला. झटके, घाम, काटा, अन्नावरची वासना जाणं, हीच आता माझ्या पोटाची बाराखडी आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांनी गिरवली आहे.

आई परत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली, आणि मग एका पावसाळ्यात वाईतच गेली. मला जाता आलं नाही.

हिंग नवरा आणतो. चांदनी चौकात मेट्रोतून उतरून फतेहपुरी मशिदीवरून खारी बावलीत शिरतो, मिरच्यांच्या खाटात शिंकत शिंकत, आणि दुकानदार डबीचं झाकण उघडून नाकाशी धरतो, ‘‘हाथरस का है, साहब.’’ चीक येतो अफगाणिस्तानाकडून, त्याला बांधतात हाथरसला, आणि पोटावर लागतो गाझियाबादला. आपल्या देशात या वनस्पतीचं पहिलं रोप लाहौलच्या थंड दरीत लावलं ते २०२० च्या ऑक्टोबरात. इतकी शतकं आपण परक्या डोंगरांच्या मुळांवर वरण-भात जेवलो आणि लेकरांची पोटं निववली. झारखंडची एक मुलगी मला सांभाळायला येते. तिला मी हिंग कालवायला शिकवलं आहे, मनगटावर पाहून. ती म्हणते, ‘‘दीदी, आपको तो पता भी नहीं चलता, फिर क्यों लगवाती हो?’’ मी म्हणते, लाव. दुखणं त्याने जात नाही, हे मी स्पष्टच सांगते. वहीत हिंगाच्या दिवसांपुढे कळ कमी झाल्याची नोंद नाही. पण वास येतो, श्वास आपोआप लांब होतो, खांदे खाली येतात, आणि कळ तिथेच असताना मी तिच्यापासून थोडी लांब सरकून बसते. कळेत आणि माझ्यात वितभर जागा झाली तर त्यात पुस्तक मावतं, फोनवरच्या गप्पा मावतात, शेंगदाण्याचं कूट करण्याच्या सूचना मावतात. पूर्ण न दुखणारा दिवस मला आता नीटसा आठवत नाही. बरा दिवस मात्र रोजच्या सकाळी जमवता येतो, कोमट पाण्यापासून.

तुमच्या घरात, शेजारात, नात्यात असं कुणी खुर्चीवर असेल, आणि ते म्हणालं की पोट दुखतंय, तर ‘तुला तिथे कळतं तरी का’ असं विचारू नका. त्यांना ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी बघा, शेवटचं पोट कधी साफ झालं ते विचारा, आणि रक्तदाब मोजा. त्यांचा नेहमीचा आकडा आजच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवून ठेवा, कारण रात्री इस्पितळात पहिला प्रश्न तोच यायला हवा, आणि तिथे कुणी तो विचारला नाही तर तुम्ही सांगायला हवा.